सिंथेटिक डिझेल येणार म्हणतात, मग ट्रक बदलायचं थांबावं का? (सोलापूर)

हायवे६५ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-भिवंडी या लाइनवर आमच्या गाड्या चालतात. जाताना टॉवेल-चादर, येताना जे भाडं मिळेल ते. त्यातल्या दोन गाड्या आता बदलायला झाल्यात. डिझेलची घ्यावी तर मुलगा म्हणतो, दहा वर्षांत डिझेल बंद होईल, मग ही गाडी कोण विकत घेणार? बॅटरीवरची घ्यावी तर हैदराबादपर्यंतचं गणित जमत नाही आणि किंमत ऐकून फायनान्सवालाच दचकतो. अशात एका ग्रुपवर फिरत आलं की हवा, पाणी आणि वीज यांपासून डिझेल बनवतात, जर्मनीने त्याला मान्यता दिली आहे आणि ते आहे त्याच इंजिनात चालतं.

खरं असेल तर आमच्यासारख्याला आणखी काय पाहिजे? गाडी तीच, पंप तोच, ड्रायव्हर तोच. माझा प्रश्न सरळ आहे. हे सोलापुरात पंपावर केव्हा मिळेल, काय भावाने, आणि त्याच्या भरवशावर आज डिझेलची गाडी घ्यावी का?

(ई-२० वर भांडायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.)

विजापूर_वेस

पहिला खडा मीच टाकतो. १९९६ साली तामिळनाडूत एकाने झाडपाल्यापासून पेट्रोल काढून दाखवलं होतं. भले भले शास्त्रज्ञ आणि पुढारी बघायला गेले. पुढे हातचलाखी निघाली आणि कोर्टाने शिक्षा ठोठावली. मग २००३ नंतर मोगली एरंडाचा जमाना आला. पडीक माळावर लावा, पाणी नको, खत नको, बियांचं डिझेल होणार, शेतकरी लखपती होणार. आपल्याकडेही बांधाबांधावर लावला लोकांनी. त्याच्या बिया पोत्याने विकून पैसे केलेला माणूस कुणाला माहीत असेल तर मला भेटवा, मी त्याला शेंगाचटणी पाठवतो.

आता हवेपासून डिझेल. चालू द्या.

डिस्टिलरी_शिफ्ट

काका, ही हातचलाखी नक्कीच नाही. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोघांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत म्यूलहाइमला हे करून दाखवलं. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन दाबाखाली, तापवून, लोखंड किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून सोडले की हायड्रोकार्बनच्या साखळ्या तयार होतात. लांब साखळी झाली तर मेण, मधली डिझेल, आखूड पेट्रोल. तेव्हा कार्बन कोळशातून यायचा आणि हायड्रोजनही त्याच भट्टीतून. आता हायड्रोजन पाण्यातून विजेने काढायचा आणि कार्बन एखाद्या धुराड्यातून नाहीतर थेट हवेतून घ्यायचा, एवढाच बदल. शेवटी हातात येतं ते रासायनिकदृष्ट्या अस्सल डिझेल असतं, उलट पंपावरच्यापेक्षा स्वच्छ.

गोम 'हवा, पाणी आणि वीज' या तीन शब्दांच्या क्रमात आहे. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून झालेला कार्बन. दोन्ही चुलीतली राख आहे. राखेचं परत लाकूड करायचं तर जेवढी धग निघून गेली तेवढी सगळी, अधिक वाटेतली नासाडी, कुठूनतरी आणून घालावी लागते. ती येते विजेतून. ग्रुपवाल्यांनी वीज शेवटी लिहिली. ती आधी लिहायला हवी होती, मोठ्या अक्षरात.

हायवे६५

ताई, मोठ्या अक्षरात म्हणजे किती? मला युनिटमध्ये सांगा.

डिस्टिलरी_शिफ्ट

ढोबळ हिशेब देते, दशांश चिन्हावर भांडू नका.

एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट लागतात. एक लिटर डिझेलमध्ये उष्णता साधारण १० युनिट असते. हायड्रोजन काढताना, पुढे इंधन बनवताना, दाब देताना जे वाया जातं ते धरलं तर एका लिटरमागे २० युनिटच्या आसपास पडतात. कार्बन थेट हवेतून ओढायचा असेल तर २५ धरा, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के आहे आणि तो वेचून काढायलाही वीज लागते.

युनिट ५ रुपयांनी मिळालं तर लिटरमागे नुसत्या विजेचे १०० ते १२५ रुपये झाले. कारखान्याचं कर्ज, माणसं, नफा, कर अजून बाहेरच आहेत. पंपावरच्या भावातून कर वजा केले तर आजचं डिझेल साठ रुपयांच्या अलीकडे-पलीकडे पडतं. तुलना त्याच्याशी करायची.

आता हेच २० युनिट सरळ बॅटरीत घातले तर छोटी इलेक्ट्रिक कार १२० ते १३० किलोमीटर जाते. त्यांचं लिटरभर डिझेल करून तेवढ्याच कारमध्ये ओतलं तर १८-२० किलोमीटर. बाकी सगळं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर.

माढ्याचा_मित्र

पण सौर वीज आता अडीच-तीन रुपयाने निघते की. मग पन्नास-साठ रुपयांत लिटर बसलं. जमलं ना गणित?

डिस्टिलरी_शिफ्ट

पॅनेलच्या टोकाला तो भाव निघतो, पण फक्त ऊन असताना. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर पॅनेल दिवसातले पाच तास पूर्ण क्षमतेने चालल्यासारखं काम करतं. इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, महागडं आहे, ते उरलेले एकोणीस तास बसून राहिलं तर त्याच्या कर्जाचा बोजा प्रत्येक लिटरवर चढतो. ते चोवीस तास चालवायचं तर बॅटरी लावा किंवा रात्री ग्रिडची वीज घ्या. ग्रिडची घेतली की भाव वाढला, आणि ती वीज मुख्यतः कोळशाची.

कोळशाच्या विजेने ई-डिझेल (म्हणजे हे विजेपासूनचं डिझेल) करणं म्हणजे काय होतं तेही बघा. एका युनिटमागे सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. २० युनिटचे १८ किलो. लिटरभर साधं डिझेल जाळलं तर निघतात अडीच-पावणेतीन किलो. म्हणजे पावणेतीन किलो वाचवायला अठरा किलो सोडायचे.

पाकणी_फाटा

एक बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून मी मांडतो. मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन इथे पाकणीला येऊन संपते. डेपो आहे, टँकर आहेत, गावोगावी पंप आहेत. या सगळ्यावर आधीच पैसा खर्च झालेला आहे. ई-डिझेल आलं तर त्यातला एक नटही बदलावा लागत नाही. बॅटरीच्या ट्रकसाठी हायवेवर प्रत्येक थांब्याला मेगावॅटची वीज आणायची, ट्रान्सफॉर्मर बसवायचे, तारा ओढायच्या, हा खर्च ताईंच्या हिशेबात कुठे आहे?

आणि वीजच हवी तर शेजारीच फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे. कोळसा तिथे रेल्वेने येतोच. त्यातला काही सरळ डिझेल बनवायला वापरा. मधली विजेची भानगडच नको.

बार्शी_लाईट

पाकणी_फाटा, तुमचा पहिला मुद्दा जड आहे, तो सहज खोडता येणार नाही. दुसऱ्यावर मात्र थोडा इतिहास सांगतो. निवृत्त मास्तर आहे, सवय जात नाही.

कोळशाचं डिझेल-पेट्रोल दोन देशांनी मोठ्या प्रमाणावर केलं आणि दोघांवरही तशीच वेळ आली होती. पहिला हिटलरचा जर्मनी. स्वतःचं तेल जवळपास नाही, समुद्र शत्रूच्या ताब्यात. १९४४ च्या सुरुवातीला त्यांचे सिंथेटिक इंधनाचे कारखाने दिवसाला सव्वा लाख बॅरलच्या आसपास माल काढत होते आणि विमानाचं पेट्रोल तर बहुतेक सगळं तिथूनच येत होतं. यातला मोठा वाटा फिशर-ट्रॉप्शचा नव्हे, बर्जियसच्या पद्धतीचा होता. ती म्हणजे कोळशावर प्रचंड दाबाने हायड्रोजन चढवायचा. याच दाबाच्या रसायनासाठी फ्रीडरिश बर्जियस आणि कार्ल बॉश यांना १९३१ चं नोबेल मिळालं. १९४४ च्या मे महिन्यापासून दोस्तांनी हेच कारखाने बॉम्बफेकीसाठी निवडले आणि जर्मनीची विमानं जमिनीवर बसली.

दुसरा दक्षिण आफ्रिका. वर्णभेदामुळे जगाने तेल रोखायला सुरुवात केली, त्याच्याही आधी त्यांनी सासोल नावाची सरकारी कंपनी काढून ठेवली होती. १९५५ मध्ये सासोलबर्गला पहिलं इंधन निघालं, पुढे ऐंशीच्या दशकात सेकुंडाला महाकाय कारखाने उभे राहिले. ते आजही चालतात, दिवसाला दीड लाख बॅरलच्या वर क्षमता. आणि तेच सेकुंडा आज एका ठिकाणाहून सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जगातल्या जागांमध्ये मोजलं जातं. कोळशापासून केलेलं डिझेल खाणीपासून सायलेन्सरपर्यंत धरलं तर खनिज तेलाच्या डिझेलच्या दुप्पट कार्बन सोडतं.

शिवाय आपला कोळसा राखेचा. शंभर किलोत तीस-चाळीस किलो राख. कोळशाचा गॅस करणाऱ्या भट्टीला, म्हणजे गॅसिफायरला, ती मानवत नाही. तरी सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोळसा गॅसिफिकेशनला ८,५०० कोटींची योजना जाहीर केली आहे. त्यामागे हवेची काळजी फारशी नाही. आपण ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, ती धास्ती आहे. युद्ध किंवा बहिष्कार असेल तेव्हा भाव कोणी विचारत नाही. शांततेत मात्र ट्रकवाला आधी भावच विचारतो.

पंप_नोझल

लै मोठे मोठे आकडे चालूलालेत, आमच्यासारख्या पंपवाल्याला कोण इचारुलालंय का बे? 😀

मालक, 'आहे त्या इंजिनात चालतं' हे निम्मं खरं हाय. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, डिझेलमधलं सल्फर १० पीपीएमवर आलं. सल्फर काढताना डिझेलचा ओलावा, म्हणजे वंगण, पण जातंय. म्हणून कंपनीवाले त्यात वरून औषध टाकतेत. सिंथेटिकमध्ये तर सल्फर नाहीच. औषध नीट नसंल तर हाय प्रेशर पंप घासणार. कॉमन रेलच्या पंपाचा खर्च किती येतोय ते मालकांना माहीत हाय.

दुसरं, जुन्या गाडीतल्या ओ-रिंगा. त्या नायट्राइल रबराच्या असतेत. वर्षानुवर्षं साध्या डिझेलमधी भिजून फुगून बसलेल्या असतेत. नवीन स्वच्छ डिझेल आलं की रबर आकसतंय आणि पंप पाझरायला लागतंय. सील किट बदललं की विषय संपला, पण हे कोणी ग्रुपवर लिहीत नाही.

राईनकाठ

वा, पंप_नोझल! इथे जर्मनीत गॅरेजवाला हेच सांगतो. डिझेलमधल्या अ‍ॅरोमॅटिक घटकांमुळे ते रबर फुगलेलं राहतं, सिंथेटिकमध्ये ते घटक नसतात. दुसऱ्या बाजूला त्याचा सीटेन आकडा (डिझेल किती पटकन पेटतं त्याचं माप) ७० च्या वर असतो, आपल्याकडे किमान ५१ लागतो. त्यामुळे थंडीत इंजिन पटकन उचलतं आणि काजळी कमी.

मूळचा मी अशोक चौकातला, आता ड्यूसलडॉर्फजवळ. जर्मनीच्या 'मान्यते'बद्दल नीट सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये दोन गोष्टींची भेळ झाली आहे.

एक, युरोपीय संघाने २०३५ नंतर नव्या पेट्रोल-डिझेल कार विकायला बंदी घालायचं ठरवलं, तेव्हा मार्च २०२३ मध्ये जर्मनी शेवटच्या क्षणी अडून बसला आणि फक्त ई-फ्युएलवर चालणाऱ्या गाड्यांसाठी वाट ठेवायला लावली. ही सवलत कागदावरची आहे आणि तीही कारसाठी. इंधनाचा पत्ता नव्हता तेव्हाच ती मिळाली.

दोन, २०२४ च्या मे अखेरीपासून इथल्या पंपांवर शंभर टक्के पॅराफिनिक डिझेल विकता येतं. पंपावर 'एक्सटीएल' असं लिहिलेलं असतं. लोक फोटो काढून 'बघा, सिंथेटिक डिझेल' म्हणून टाकतात. आत असतं ते बहुतेक वापरलेल्या खाद्यतेलावर आणि चरबीवर हायड्रोजन चढवून केलेलं. चांगलं इंधन आहे, पण जगात वडे तळून उरलेलं तेल असून असून किती असणार?

विजेपासूनचं खरं ई-पेट्रोल बघायचं तर चिलीच्या दक्षिण टोकाला जावं लागतं. पुन्ता अरेनासजवळ हारू ओनी नावाचा प्रकल्प डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पोर्शेचा त्यात पैसा आहे. तिथे वारा असा की पवनचक्की जवळजवळ थांबतच नाही. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर.

हायवे६५

वर्षाला?? एवढं तर टेंभुर्णीचा एखादा चालता पंप महिन्याभरात विकत असेल.

उजनी_कालवा

सगळ्यांनी वीज मोजली, पाणी कोण मोजणार? हायड्रोजन पाण्यातून काढायचा म्हणता. सोलापूर शहराला चार-पाच दिवसांआड नळ येतो. उजनी ११७ टीएमसीचं धरण, तरी फेब्रुवारीपासून आमची कालव्याच्या पाळीसाठी वाट बघणं सुरू होतं. आणि तुम्ही पाण्याचं डिझेल करणार? शेतकरी म्हणून माझा ठाम विरोध.

डिस्टिलरी_शिफ्ट

दादा, राग समजला, पण या बाबतीत आकडा उलट्या बाजूला पडतो. एक किलो हायड्रोजनला रसायनाच्या हिशेबाने ९ लिटर पाणी लागतं, शुद्धीकरणात वाया जातं ते धरून दहा-बारा. लिटरभर डिझेलएवढी ताकद मिळवायला तीन-चार लिटर पाणी पुरतं. कूलिंगसाठी वरचं धरा, तरी बादलीभराचा मामला आहे.

आता उसाकडे बघा. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच दिलं आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी. आणि इथेनॉलमध्ये लिटरला डिझेलपेक्षा कितीतरी कमी ताकद असते. उजनीचं पाणी आपण आत्ताच इंधनात ओततो आहोत, फक्त ते फडातून जातं म्हणून दिसत नाही.

उजनी_कालवा

तो ऊस आहे म्हणून आमच्या पोरांच्या फिया भरल्या जातात ताई. बाकी २,८६० चा आकडा ठिबकवाल्याला लावू नका.

डिस्टिलरी_शिफ्ट

मान्य, ठिबकवर तो बराच खाली येतो. आणि ऊस बंद करा असं मी म्हणतच नाहीये, माझा पगारही त्यातूनच येतो. मला उलट वाटतं की सोलापूरला या सगळ्यात काही करण्यासारखं असेल तर ते डिस्टिलरीतच आहे. सविस्तर लिहिते, कारण इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर हवेत जाताना बघते आहे.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. बऱ्याच कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली आहे. फर्मेंटरमध्ये यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोलबरोबर जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो शुद्ध असतो, धुराड्यातल्यासारखा नायट्रोजनमध्ये मिसळलेला नाही. काही ठिकाणी तो पकडून, बाटलीबंद करून कोल्ड्रिंकवाल्यांना विकतात, कुठे ड्राय आइस करतात. बाकी ठिकाणी वर सोडून देतात.

रोज १ लाख लिटर इथेनॉल काढणारी डिस्टिलरी धरा. दिवसाला सुमारे ७५ टन कार्बन डायऑक्साइड. थेट हवेतून कार्बन वेचायला लागतात तशा भट्ट्या, हवा उपसणारे पंखे, काही नको. त्यात १० टनांच्या थोडा वर हायड्रोजन मिसळला की उत्प्रेरकावर ५४-५५ टन मिथेनॉल (इंधन म्हणून जाळता येणारं साधं अल्कोहोल) होतं. पाणी १०० टनांच्या आसपास, त्यातलं तिसरा हिस्सा अभिक्रियेतच परत मिळतं. आणि उसात वजनाच्या सत्तर टक्के पाणीच असतं, गाळप चालू असताना कारखान्यात कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, जास्तच होतं. म्हणजे कालव्याला हात लावायची गरज नाही.

वीज मात्र पुन्हा उभी राहते. १० टन हायड्रोजनला दिवसाला साडेपाच लाख युनिटच्या वर. आपल्याकडे १ मेगावॅट पॅनेल दिवसाला चार-साडेचार हजार युनिट देतं, म्हणजे १२५ ते १४० मेगावॅट सौर प्रकल्प. मेगावॅटला चार एकर धरले तर पाचशे एकर माळ. करमाळा-मंगळवेढ्याकडे माळ आहे, ऊन तर विचारूच नका.

एवढं सगळं उभारून निघतं काय? ५४ टन मिथेनॉल, म्हणजे ताकदीने ३० हजार लिटर डिझेल. हायवे६५ यांच्यासारख्यांच्या गाड्यांत २०० लिटरप्रमाणे भरलं तर दीडशे ट्रक. पाचशे एकरांत दीडशे टाक्या. तीच वीज इलेक्ट्रिक ट्रकना दिली तर एकूण किलोमीटर तिपटीच्या वर भरतात.

विजापूर_वेस

म्हणजे करण्यासारखं आहे म्हणता म्हणता तुम्हीच त्याला बुडवलंत!

डिस्टिलरी_शिफ्ट

ट्रकसाठी बुडवलं. जहाजाला आणि विमानाला पर्याय नाही, तिथे ते तरंगतं.

राईनकाठ

हेच डेन्मार्कमध्ये झालंय. कासो नावाच्या गावी २०२५ मध्ये ई-मिथेनॉलचा कारखाना सुरू झाला, वर्षाला ४२ हजार टन क्षमतेचा. शेजारी ३०४ मेगावॅटचा सौर प्रकल्प, आणि कार्बन कुठून? बायोगॅसच्या कारखान्यातून. ताईंच्या फर्मेंटरचाच भाऊ. ते मिथेनॉल मर्स्क कंपनी जहाजात जाळते. डेन्मार्कचं ऊन ते काय, आमच्यापेक्षाही फिकट. सोलापूरचा मार्च-एप्रिल त्यांना मिळाला असता तर!

होटगी_रनवे

विमानाचं मी सांगतो, एरोनॉटिक्सला आहे. जेट इंधनात किलोला १२ युनिट उष्णता असते, चांगल्या बॅटरीत पाव युनिट. विमानाला स्वतःचं वजनच उचलायचं असतं, त्यामुळे लांबच्या उड्डाणाला बॅटरी हा विषयच नाही. युरोपने नियम केला आहे: २०२५ पासून तिथल्या विमानतळांवरच्या इंधनात २ टक्के शाश्वत इंधन, २०३० ला ६ टक्के आणि त्यात विजेपासूनच्या सिंथेटिकचा वेगळा छोटा वाटा, २०५० ला ७० टक्के. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं लक्ष्य आहे. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशी मिश्र इंधनावर गेलं, ते इंधन पुण्याच्या प्राज कंपनीने पुरवलेलं.

आणि इथेनॉलपासून जेट इंधन करायची वाट वेगळी आहेच. म्हणजे एकाच डिस्टिलरीतून अल्कोहोलचंही विमान-इंधन आणि त्याच्या गॅसचंही. होटगी रोडच्या कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये विमानांसाठी पाडली, आता त्या विमानांत...

विजापूर_वेस

चिमणीचा विषय काढू नका. धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि निम्मे उडवावे लागतील.

उजनी_कालवा

माझा एक साधा प्रश्न. ७ डिसेंबर २०२३ ला सरकारने रसापासून इथेनॉल करायला एका पत्राने आडकाठी घातली. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेले प्रकल्प अर्धवट चालले, आमची बिलं लांबली. पुढच्या हंगामासाठी आडकाठी काढलीही. उद्या पाचशे एकरांवर पॅनेल टाकून मिथेनॉल करायला घेतलं आणि कुणीतरी पुन्हा पत्र काढलं तर? जहाजवाला डेन्मार्कचा, कर्ज आमच्या नावावर.

डिस्टिलरी_शिफ्ट

याला माझ्याकडे रासायनिक उत्तर नाही. दहा-पंधरा वर्षांचा खरेदी करार हातात असल्याशिवाय कुठल्याही संचालक मंडळाने यात उडी घेऊ नये. आधी मोठ्या सरकारी कंपन्यांना शिकू द्या. एनटीपीसीने विंध्याचलला धुरातल्या कार्बनपासून मिथेनॉल करायला घेतलं आहे, दिवसाला १० टनांच्या मापाचं, २०२४ मध्ये पहिलं मिथेनॉल निघालं. कारखान्यांनी तोपर्यंत निदान फर्मेंटरचा गॅस पकडायची सोय करून ठेवावी. तो आजही विकला जातो.

बार्शी_लाईट

पाकणी_फाटांच्या पहिल्या मुद्द्याकडे परत येतो, तारांच्या खर्चाच्या. दौंड-सोलापूर-वाडी मार्गावर डिझेल इंजिनं धूर काढत जायची, तेव्हाही 'एवढ्या तारा कोण ओढणार' हे ऐकलं होतं. ओढल्या. आज वंदे भारत त्याच तारांखालून मुंबईला जाते. तार एकदा ओढली की चाळीस वर्षं चालते, ई-डिझेलला प्रत्येक लिटरमागे वीस युनिट दर वेळी मोजावे लागतात. हायवेला उशीर लागेल, रेल्वेएवढं सोपं नाही ते. पण पाइपलाइन आधीच आहे म्हणून तिच्यात महाग माल घालायचा, हे मला पटत नाही.

पाकणी_फाटा

मास्तर, रेल्वेला एकच मालक आहे. हायवेवर चहाच्या टपरीवाल्यालासुद्धा तीन परवाने लागतात. तारा ओढेपर्यंत हायवे६५ निवृत्त होतील. मिश्रणाचा मार्ग मला अजून बरा वाटतो, पाच टक्के ई-डिझेल घालून सुरुवात करायची, इथेनॉलसारखी.

हायवे६५

सगळ्यांचे आभार. मला जेवढं कळलं त्यावर निर्णय घेतोय. पंपावर आमच्या भावात ते येत नाही, आलं तरी आधी विमानवाला आणि जहाजवाला उचलून नेणार, कारण त्यांना सक्ती आहे आणि त्यांना दुसरा रस्ता नाही. त्याच्या भरवशावर गाडी घ्यायची नाही.

लांबच्या लाइनसाठी एक डिझेलची घेतो, पाच वर्षांच्या हप्त्यावर, त्यापुढचा विचार आत्ता करत नाही. दुसरीच्या जागी चिंचोली एमआयडीसी ते गोडाऊन आणि मार्केट यार्ड एवढ्याच फेरीला इलेक्ट्रिक टेम्पो बघतो. ती गाडी रात्री यार्डातच उभी असते. चार्जिंगला वीज कशी घ्यायची, कुणी केलंय का?

माढ्याचा_मित्र

महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर आहे, त्याचा वेगळा मीटर मागा. यार्डाच्या आहे त्या मीटरवर जोडू नका. आणि शक्य असेल तर दुपारी माल उतरताना चार्ज करा, सौर तासांत दर कमी पडतो. मंजूर भार वाढवायला अर्ज आत्ताच टाका, टेम्पो बुक करायच्या आधी. त्यालाच जास्त वेळ लागतो.

पंप_नोझल

मालक, जुन्या दोन्ही गाड्या विकायच्या आधी माझ्याकडं आणा. नोझल काढून टेस्ट बेंचवर लावतो, धूर कमी झाला की गिऱ्हाईक भाव जास्त देतंय. आणि त्या इलेक्ट्रिक टेम्पोला पंप नाही, नोझल नाही, मग आमी काय करायचं ते बी एखाद्या धाग्यात इचारा की.